शाईचा डाग आणि अर्धी ओळख: शाई-ॲक्रिलिकमध्ये भयाची अमूर्त चित्रं कशी रंगवावीत

कवटी काढली की ती कवटीच दिसते. पाहणारा तिला ओळखतो, मनातल्या मनात तिचं नाव घेतो आणि पुढे सरकतो. पण कागदावर शाईचा एक डाग पसरला आहे, त्याच्या एका कडेला दातांच्या ओळीसारखं काहीतरी आहे आणि बाकी सगळा काळोख, असं चित्र समोर आलं की पाऊल अडतं. नजर पुन्हा पुन्हा त्या कडेपाशी जाते. हे दात आहेत की कसली मुळं? हा प्रश्न जोवर सुटत नाही तोवर चित्र मनात राहतं. पुढे सांगितलेली सगळी पद्धत या एकाच गोष्टीसाठी आहे: ओळख अर्धीच द्यायची.

नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस मानले आहेत. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. पहिल्याचा वर्ण काळा सांगितला आहे, दुसऱ्याचा निळा. हा फरक चित्र काढणाऱ्याने पक्का लक्षात ठेवावा. रक्तमांस रंगवून किळस आणता येते, पण ती जितक्या लवकर येते तितक्याच लवकर ओसरते. भय सावकाश चढतं आणि त्यासाठी झाकलेलं काहीतरी लागतं.

शाई आणि ॲक्रिलिकची जोडी इथे फार उपयोगी पडते. शाई आपल्या मनाने पसरते, तिच्यावर आपली पूर्ण सत्ता कधीच चालत नाही. ॲक्रिलिक लावाल तिथे राहतं, पटकन वाळतं आणि खालचं झाकून टाकतं. म्हणून आधी शाईला मोकळं सोडायचं, मग तिने जे दिलं त्यातलं काय ठेवायचं आणि काय बुजवायचं ते ॲक्रिलिकने ठरवायचं, आणि शेवटी टाक घेऊन परत शाईकडे यायचं.

साहित्य, आणि मुख्य म्हणजे काळा रंग

शाई तीन प्रकारची मिळते आणि तिन्ही काळ्याच दिसत असल्या तरी वागतात अगदी वेगळ्या. इंडिया इंकमध्ये कार्बनचे अतिसूक्ष्म कण असतात आणि बहुतेक वेळा ते शेलॅकने, म्हणजे लाखेच्या राळेने, बांधलेले असतात. अशी शाई वाळली की पाण्याने हलत नाही. ॲक्रिलिक शाईत रंगद्रव्य ॲक्रिलिकच्याच पातळ द्रावात असतं, तीही वाळल्यावर पक्की होते. तिसरी फाउंटन पेनची, डायची शाई. ती या कामात वापरू नका. उजेडात ती फिकी पडते आणि तिच्यावर पांढरं ॲक्रिलिक लावलं की विरघळून त्या पांढऱ्यात उतरते. उलट, शेलॅकची इंडिया इंक फाउंटन पेनात कधीही भरू नका, आतली नळी कायमची चोंदते. तिच्यासाठी टाक किंवा बोरू.

ॲक्रिलिकच्या काळ्याबाबत थोडं थांबून सांगतो, कारण या प्रकारच्या चित्रात अर्धं काम काळाच करतो. ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. पीबीके ७ म्हणजे कार्बन ब्लॅक: गार, किंचित निळसर आणि इतका जोरदार की थेंबभरानेही दुसरा रंग गिळला जातो. पीबीके ९ म्हणजे आयव्हरी ब्लॅक. पूर्वी तो हस्तिदंत जाळून करत, आता जनावरांची हाडं जाळून करतात. तो उबदार, तपकिरीकडे झुकणारा आणि थोडा पारदर्शक असतो. पीबीके ११ म्हणजे मार्स ब्लॅक, लोखंडाच्या ऑक्साइडचा, सगळ्यात झाकणारा. मी खोलीसाठी आयव्हरी आणि बुजवण्यासाठी मार्स वापरतो. चौथा काळा स्वतः बनवायचा, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळून. हा सगळ्यात जिवंत, कारण त्याला हवा तसा निळ्याकडे किंवा तपकिरीकडे वळवता येतो.

रंगद्रव्यांच्या इतिहासात या विषयाला साजेशी एक गोष्ट आहे. काही शतकं युरोपातले चित्रकार ‘ममी ब्राउन’ नावाचा तपकिरी रंग वापरत होते आणि तो खरोखर इजिप्तच्या ममी कुटून केलेला असे. तो नेमका कशाचा आहे हे कळल्यावर एडवर्ड बर्न-जोन्स या इंग्रज चित्रकाराने १८८१ मध्ये आपल्याकडची ट्यूब बागेत पुरली. जाळलेल्या हाडांचा काळा हातात घेताना मला ही गोष्ट दर वेळी आठवते.

बाकी रंग थोडेच लागतात: टायटॅनियम व्हाइट, रॉ अंबर, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, अल्ट्रामरीन, एक क्विनाक्रिडोन किरमिजी आणि ग्रीन अर्थ, म्हणजे हिरवी माती. सोबत मॅट मीडियम (चमक न ठेवणारा बिनरंगी ॲक्रिलिक द्राव), ग्लेझिंग मीडियम (रंग पातळ, पारदर्शक करणारा द्राव), दोन-तीन सिंथेटिक ब्रश, एक जुना खरखरीत ब्रश, टाक आणि टोकदार निब.

कागद ३०० जीएसएमचा, शक्यतो सुती आणि हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत घ्या. खडबडीत कागदावर शाई छान पसरते, पण नंतर निब अडखळते आणि तंतू उचकटून आणते. पहिल्या चित्रासाठी साधारण ३० × ४० सेंटिमीटरचा आकार पुरे. कागद चारही बाजूंनी टेपने बोर्डावर चिकटवा, नाहीतर ओला झाल्यावर फुगेल आणि शाई खळग्यांत साचेल. कॅनव्हासवर काम करायचं असेल तर गेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन पातळ हात द्या आणि प्रत्येक हात वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. घासताना तोंडावर मास्क असू द्या.

पहिली पायरी: डाग पाडणं

एकच कागद घेऊन बसू नका. पाच-सहा घ्या. एकच असला की त्याची काळजी वाटते आणि काळजीने हात आखडतो.

तीन वाट्यांत शाई तयार करा. एकीत निव्वळ शाई, दुसरीत शाई आणि पाणी सम प्रमाणात, तिसरीत एक भाग शाईला पाच भाग पाणी. आता स्वच्छ पाण्याने कागदाचा काही भाग ओला करा, पण मधे मधे कोरडी बेटं राहू द्या. ओल्यावर शाई पसरेल आणि कोरड्याच्या काठावर अडेल. हाच काठ पुढे जबडा, खांदा, कपाळ असं काहीतरी होतो. फिक्या शाईने सुरुवात करा. ती किंचित मुरली की मधली सोडा आणि सगळ्यात शेवटी निव्वळ शाईचे दोन-चारच थेंब. बोर्ड तिरका करून ओघळ वाहू द्या, मग उलट बाजूला तिरका करा.

शाई ओली असतानाच पोत मिळवता येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकले तर शाई बाजूला सरते आणि फिकी वर्तुळं उठतात, त्वचेवरच्या चट्ट्यांसारखी. जाड मीठ पेरलं तर दाण्याभोवती बारीक चांदण्या उमटतात. वाळल्यावर मीठ पूर्ण झाडून टाका, कारण ते हवेतला ओलावा ओढत राहतं. चुरगळलेलं पातळ प्लास्टिक ओल्या शाईवर ठेवून तसंच वाळू दिलं तर शिरांचं जाळं मिळतं. दुसरा गुळगुळीत कागद दाबून झटकन उचलला तर फांद्यांसारख्या, फुप्फुसासारख्या खुणा येतात. ही शेवटची रीत ऑस्कर दोमिंगेझने १९३० च्या दशकात अतिवास्तववादी चित्रकारांमध्ये रूढ केली आणि पुढे माक्स अर्न्स्टने ती तैलरंगात नेली. त्याच्याही कितीतरी आधी फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो शाईत काजळी आणि कॉफी मिसळून, कागद दुमडून डाग पाडत असे आणि त्यातून किल्ले आणि वादळं काढत असे.

अल्कोहोल वापरताना खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको.

एका कागदावर या सगळ्या युक्त्या करू नका. एक, फार तर दोन. सगळं एकदम केलं तर नुसता कोलाहल होतो आणि नजरेला टेकायला जागा उरत नाही.

मग बोर्ड आडवा ठेवून रात्रभर वाळू द्या. हेअर ड्रायरने घाई केली तर साचलेली शाई वाऱ्याने ढकलली जाते आणि वरची साय वाळून आतलं ओलंच राहतं.

दुसरी पायरी: नुसतं पाहणं

ही पायरी लोक वगळतात आणि नेमकं इथेच चित्र घडतं किंवा बिघडतं.

वाळलेला कागद भिंतीला टेकवा आणि लांबून बघा. चारही दिशांनी फिरवून बघा. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून तो छोटा करून बघा. जो डाग उलटा धरल्यावर मान खाली घालून बसलेला वाटतो, तोच सरळ धरल्यावर नुसता ढग असतो. रवींद्रनाथ टागोरांची चित्रकला अशीच सुरू झाली. हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांना रेघांनी जोडता जोडता त्यातून चमत्कारिक प्राणी उभे राहू लागले. साठी उलटल्यावर त्यांनी चित्रांकडे खरं लक्ष दिलं आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. खाडाखोडीत लपलेला आकार त्यांनी शोधला, वरून लादला नाही. आपणही तेच करायचं आहे.

डागावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पेन्सिलीने एकच जागा पक्की करा. एकच. डोळ्यांच्या दोन खोबण्या आणि खाली आडवी रेघ काढलीत की संपलं. माणसाचा मेंदू चेहरा शोधायला टपलेलाच असतो, दोन ठिपके आणि एक रेघ त्याला पुरते. म्हणून एकच खोबण द्या आणि दुसरीच्या जागी काळोख ठेवा. किंवा खोबणही नको, चार बरगड्या द्या आणि पाचवी ओघळात विरू द्या.

पण जे काही द्याल ते अचूक हवं. अर्धी ओळख आणि अर्धवट माहिती यात फार फरक आहे. डोळ्याची खोबण गोल नसते, ती साधारण चौकोनी असते आणि बाहेरच्या बाजूला जराशी खाली ढळलेली असते. नाकाच्या जागी वर अरुंद आणि खाली रुंद असं भोक असतं. बरगड्या आडव्या नसतात, पाठीकडून पुढे येताना त्या खाली उतरतात. त्यांच्या १२ जोड्या असतात आणि शेवटच्या दोन जोड्या पुढच्या बाजूला कशालाच जोडलेल्या नसतात. त्या मोकळ्या टोकांत जी अस्वस्थता आहे ती बाकीच्या दहा जोड्यांत मिळून नाही. मानेत सातच मणके असतात. दहा काढलेत तर पाहणाऱ्याला आकडा कळणार नाही, पण मान चुकली आहे हे त्याला जाणवेल, आणि तेही कधी कधी मुद्दाम वापरता येतं. आधी नियम हातात बसवा.

त्यासाठी शरीररचनेच्या आकृत्यांवरून आठवडाभर रोज एक हाड काढा. वाळलेली मुळं, सालं, शेंगा, कोमेजून आक्रसलेली फुलंही काढा. त्यांचा आक्रसण्याचा ढंग शरीराच्या जवळचा असतो. अपघातात किंवा हिंसेत बळी पडलेल्या खऱ्या माणसांचे फोटो समोर ठेवून मात्र मी काम करत नाही आणि तुम्हीही करू नये असं मला मनापासून वाटतं. कुणाच्या तरी घरचं ते माणूस असतं.

तिसरी पायरी: ॲक्रिलिकने बुजवणं

आता आकृती रंगवायची नाही, तिच्याभोवतीची जागा रंगवायची. डागाचे जे भाग नको आहेत त्यांच्यावर पार्श्वभूमीचा रंग चढवत आत आत या आणि हवा तो काठ कोरून काढा.

पार्श्वभूमी काळीच हवी हा गैरसमज सोडून द्या. फ्रान्सिस बेकन या ब्रिटिश चित्रकाराने १९४४ मध्ये क्रूसाच्या पायथ्याच्या तीन आकृती रंगवल्या त्या भडक नारिंगीवर, आणि त्या आजही पाहवत नाहीत. स्पॅनिश चित्रकार गोयाने १८१९ ते १८२३ च्या दरम्यान आपल्या घराच्या भिंतींवर जी १४ ‘काळी चित्रं’ रंगवली, त्यातल्या मला सर्वांत भिववणाऱ्या चित्रात एका कुत्र्याचं फक्त डोकं दिसतं. खाली गडद उतार, वर मातकट पिवळसर रिकामी जागा, आणि ते डोकं वर कुठेतरी बघतंय. रक्त नाही, सैतान नाही. बंगाली चित्रकार झैनुल आबेदिन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात भुकेने मरणारी माणसं शाईने स्वस्तातल्या कागदावर काढली, तेव्हा मागे जवळजवळ काहीच ठेवलं नाही. रिकामी जागा कशी वापरायची हे या दोघांकडून शिकावं.

माझी नेहमीची पार्श्वभूमी हाडाच्या रंगाची असते: टायटॅनियम व्हाइटमध्ये थोडा यलो ऑकर आणि अगदी किंचित रॉ अंबर. निव्वळ टायटॅनियम व्हाइट इस्पितळाच्या भिंतीसारखा थंड दिसतो. तुम्हाला तेच हवं असेल तर अर्थात तो तसाच घ्या.

काठ तीन प्रकारचे ठेवा. एखादा सुरीसारखा कडक, काही मऊ आणि उरलेले हरवलेले, जिथे आकृती कुठे संपली ते सांगताच येत नाही. प्रमाण विचाराल तर कडक काठ सगळ्यात कमी, आणि जिथे ओळख दिली आहे त्याच्या आसपासच. मऊ काठासाठी हात चपळ हवा, कारण पातळ ॲक्रिलिक १० ते २० मिनिटांत वाळतं. रंग लावल्या लावल्या स्वच्छ ओलसर ब्रशने कड ओढून घ्या. हरवलेल्या काठासाठी खरखरीत ब्रशवर अगदी थोडा, जवळजवळ कोरडा रंग घेऊन घासत न्या.

एक गोष्ट नवख्यांना चकवते. ओलं ॲक्रिलिक दुधट असतं आणि वाळताना ते दुधटपण जातं, त्यामुळे रंग गडद होतो. करड्या छटा जुळवताना आधी कागदाच्या तुकड्यावर लावून वाळवून बघा. खोली फार थंड असेल, साधारण १० अंशांच्या खाली, तर काम टाळा. ॲक्रिलिकचे कण नीट एकजीव होत नाहीत आणि थर कच्चा राहतो.

मांस, रक्त आणि हिरवा

चौदाव्या शतकातले इटालियन चित्रकार चेहरा रंगवताना खाली हिरव्या मातीचा थर देत आणि वर गुलाबी चढवत. मृताचा चेहरा असेल तर गुलाबी द्यायचाच नाही, असा त्यांच्यात शिरस्ता होता. ही युक्ती ॲक्रिलिकमध्ये तशीच चालते. शाईच्या फिक्या भागावर ग्रीन अर्थचा पातळ थर द्या आणि वर काहीच नको. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण इथलं काहीतरी विझलं आहे हे त्याला कळेल.

लाल रंगाचा मोह आवरा. ताजं रक्त लाल असतं, पण वाळल्यावर त्यातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन ते तपकिरी पडतं. भडक लाल लावला की नाटकातलं रक्त दिसतं. किरमिजीत बर्न्ट अंबर मिसळा, ग्लेझिंग मीडियमने खूप पातळ करा आणि एकाच ठिकाणी दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. असा थर डागासारखा मुरलेला दिसतो, वरून चिकटवलेला नाही. पूर्ण चित्रात तळहाताएवढ्या जागेपेक्षा जास्त लाल मी कधी ठेवत नाही.

चौथी पायरी: पुन्हा शाई, या वेळी टाकाने

ॲक्रिलिकचा थर गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर त्यावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते, रेघ धरत नाही. म्हणून आधी मॅट मीडियमचा एक पातळ हात द्या किंवा तिथे बारीक पॉलिश पेपर अलगद फिरवा. ॲक्रिलिक शाई अशा थरावर इंडिया इंकपेक्षा चांगली बसते. नव्या निबवर गंज लागू नये म्हणून तेलाचा लेप असतो, तो अल्कोहोलने पुसल्याशिवाय शाई नीट उतरत नाही. काम करताना दर काही मिनिटांनी निब पाण्यात बुडवून पुसत राहा. शेलॅक एकदा वाळलं की पाण्याने निघत नाही.

टाकाने काय काढायचं? जी एक जागा दुसऱ्या पायरीत पक्की केली होती, तिथलंच. कवटीच्या हाडांचे सांधे नदीच्या नकाशासारखे नागमोडी असतात, ती रेघ काढायला टाकासारखं साधन नाही. दातांची मुळं, केस, एखादी टाक्यांची ओळ. रेघ जाड-बारीक होऊ द्या, मधेच तुटू द्या. आणि पक्क्या जागेपासून जसजसे लांब जाल तसतशा रेघा विरळ होत नाहीशा व्हाव्यात.

गडद भागात उजेड हवा असेल तर पांढरी शाई वापरण्याआधी खरवडून बघा. जाड कागदावर धारदार पात्याने वरची शाई खरवडली की खालचा कागद तुटक, खरखरीत उजेडासारखा उघडतो. ही खूण परत बुजवता येत नाही, म्हणून ती सगळ्यात शेवटी.

फार काढलं गेलं तर घाबरू नका. आयव्हरी ब्लॅक ग्लेझिंग मीडियममध्ये पातळ करून त्या भागावर पसरा आणि मऊ कापडाने मधोमध टिपा. तपशील पूर्ण जात नाही, धुक्यामागे जातो. माझी काही चांगली चित्रं या दुरुस्तीतूनच झाली आहेत.

संरक्षण आणि शेवटची परीक्षा

कागदावरच्या चित्राला वॉर्निशची गरज नसते. माउंट देऊन काचेमागे ठेवा, काच आणि रंग एकमेकांना चिकटणार नाहीत एवढं अंतर राहू द्या. कॅनव्हासला वॉर्निश द्यायचं असेल तर पातळ थरांना काही दिवस आणि जाड थरांना काही आठवडे वाळू द्या. मॅट वॉर्निशपासून जपून. त्यात चमक कमी करणारी पूड असते, ती उजेड विखुरते आणि खोल काळा राखाडी पडतो. माझं तीन आठवड्यांचं काम असं एका दुपारीत फिकं झालं होतं आणि मला खूप वाईट वाटलं होतं. तेव्हापासून काळ्या चित्रांना सॅटिन किंवा ग्लॉसच. ब्रश धुण्याआधी जास्तीचा रंग कापडाने पुसून घ्या, म्हणजे ॲक्रिलिकचा गाळ मोरीत जाणार नाही. आणि ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर आजच सोडा.

सही करण्याआधी चित्र आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा. मग ते काम न पाहिलेल्या तीन-चार जणांना एकेकट्याने दाखवा आणि काय दिसतं एवढंच विचारा. शीर्षक सांगू नका, हावभावही नकोत. कुणालाच काही दिसलं नाही तर टाक परत घ्या आणि पक्क्या जागेवर आणखी दोन रेघा द्या. प्रत्येकाला वेगळं काही दिसलं आणि तरी सगळे त्याच एका कडेकडे बोट दाखवू लागले तर सही करा. सगळ्यांनी एकमुखाने “कवटी” म्हटलं, तर आयव्हरी ब्लॅकची ट्यूब उघडा आणि जबड्यापासून झाकायला सुरुवात करा.